चाकूची दुसरी बाजू



पडद्यावर आत्ता जो फोटो दिसतोय, तो आधी नीट बघून घ्या. वर्तमानपत्राच्या कागदावर एक मिटणारा चाकू उघडून ठेवलाय. मूठ शिंगाची, काळपट झालेली. पातं इतकं झिजलंय की त्याची मूळची रुंदी मुठीतल्या खाचेवरून ताडावी लागते. हा चाकू रत्नागिरीजवळच्या एका घरातला आहे. त्या घरातल्या आजोबांनी आयुष्यभर याच चाकूने आंब्याची कलमं बांधली. आजोबा गेले, चाकू देवघराच्या फळीवर राहिला.

आम्ही काही मित्र गेली बरीच वर्षं चाकू-सुऱ्यांचे फोटो जमवतो. चाकू विकत घ्यायचे नाहीत, जिथे आहेत तिथेच राहू द्यायचे, आपण फक्त फोटो घ्यायचा आणि एकमेकांना दाखवायचा, असा आमचा रिवाज. त्या दिवशीही आम्ही एक फोटो काढला, चहा घेतला आणि निघालो. पुढे दोन वर्षांनी पुन्हा तिकडे जाणं झालं, तेव्हा घराची दुरुस्ती होऊन गेली होती आणि जुन्या लोखंडाबरोबर तो चाकूही भंगारात गेला होता. त्यात घरच्यांचा काही दोष नाही. झिजलेला चाकू कोण ठेवतं?

आता आमची चूक ऐका. चाकू बनवणाऱ्याचा शिक्का पात्याच्या बुडाशी, मुठीला लागून असतो आणि बहुतेक वेळा तो एकाच बाजूला असतो. आम्ही फोटो काढला तेव्हा ती बाजू कागदाला टेकलेली होती. चाकू उलटा करून दुसरा फोटो काढायला दहा सेकंद लागले असते. ते आम्ही केलं नाही. त्यामुळे हा चाकू शेफील्डहून आलेला होता, जर्मनीचा होता की गावच्या लोहाराने घडवलेला, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

आजचं व्याख्यान या चुकीतून निघालं आहे. चाकूंची चित्रं आणि फोटो गेली दोनशे वर्षं कोण काढत आलं, कशासाठी काढत आलं, आणि प्रत्येक वेळी त्यात काय दिसलं आणि काय राहून गेलं, हे आपण बघू.

सुरी आणि चाकू

आधी शब्दांकडे वळू. मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, ही मोठी सोय आहे. सुरी हा शब्द संस्कृत 'छुरिका'कडून आला. चाकू आला फारसीतून. आज स्वयंपाकघरात आपण दोन्ही शब्द एकाच वस्तूला वापरतो, पण जुन्या वापरात फरक होता. सुरीचं पातं मुठीत पक्कं बसवलेलं. चाकू मिटायचा. अबुल फझलच्या 'आईन-ए-अकबरी'मध्ये शस्त्रागाराची जी यादी आहे, तिच्यात तलवारी, कट्यारी, जमधर यांच्याबरोबर चाकूचीही नोंद आहे. आणि आपल्या दफ्तरांतल्या कारकुनांच्या कामाला लागायचा तो कलमतराश, म्हणजे बोरूला टोक करायचा लहान चाकू. कलम हा शब्द लेखणीलाही आणि झाडाच्या कलमालाही आहे. दोन्ही कलमांना चाकू लागतोच.

न मिटणाऱ्या सुरीचं पातं पुढे धार घेऊन येतं आणि मागे एक अरुंद जीभ होऊन मुठीत जातं. ही जीभ मुठीच्या शेवटापर्यंत जात असेल तर सुरी दणकट. अर्ध्यातच संपत असेल तर जोर लावल्यावर मूठ हलायला लागते. म्हणून कसायाची सुरी, चांभाराची रापी, शिकाऱ्याचा सुरा यांत मिटण्याची भानगड नसते.

मिटणारा चाकू ही तडजोड आहे. खिशात घालता यावा, मांडी कापू नये, म्हणून ताकद थोडी सोडून दिलेली. ही तडजोड खूप जुनी आहे. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात रोमन काळातलं, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातलं, चांदीचं एक घडीचं हत्यार आहे. त्यात चमचा आहे, काटा आहे, दातकोरणं आहे आणि एक पातंही आहे. त्याचा फोटो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पण नीट बघितलं तर लक्षात येतं की बाकी सगळं चांदीचं म्हणून टिकलं, आणि लोखंडी पातं गंजून जेमतेम उरलंय. चाकूत मुख्य जे, ते पातं. तेच आधी जातं.

जुने मिटणारे चाकू नुसत्या खिळ्यावर फिरायचे. पातं उघडं राहायचं ते घर्षणाने आणि धरणाऱ्याच्या अंगठ्याने. सतराव्या शतकात मुठीच्या पाठीत पोलादी पट्टीची स्प्रिंग बसवायला सुरुवात झाली. ती पट्टी पात्याच्या बुडावर दाब देते, म्हणून पातं उघडताना 'टक्' आवाज होतो आणि ते जागेवर राहतं. पात्यावर नखाएवढी खाच दिसते, ती बोटाने पातं ओढून काढण्यासाठी असते. ती दिसली की मागे जोरदार स्प्रिंग आहे, असं बहुधा समजावं. फोटो वाचायचा म्हणजे अशा गोष्टी वाचायच्या.

विक्रीसाठी काढलेलं चित्र

चाकूंची चित्रं मोठ्या प्रमाणावर छापायला सुरुवात केली ती व्यापाऱ्यांनी. इंग्लंडमधलं शेफील्ड हे चाकूंचं जुनं गाव. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरच्या कथेतला एक पिठाच्या गिरणीवालाही शेफील्डचा चाकू बाळगून असतो. १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने तिथे चाकू बनवणाऱ्यांची कंपनी स्थापन झाली. कुणाचा शिक्का कोणता, याची नोंद ठेवणं हे तिचं मोठं काम होतं.

१८१६ साली जोसेफ स्मिथ या माणसाने शेफील्डच्या मालाचं एक सचित्र पुस्तक काढलं. व्यापारी, घाऊक लोखंडवाले आणि फिरते विक्रेते यांच्यासाठी. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली एकेक वस्तू: खिशातले चाकू, टेबलावरच्या सुऱ्या, कात्र्या, वस्तरे. प्रत्येक पातं स्वच्छ, प्रत्येक मूठ नवी. समुद्रापलीकडच्या दुकानदाराने चित्रावर बोट ठेवायचं आणि मागणी नोंदवायची. आज आपण मोबाईलवर जे करतो, तेच.

त्या चित्रांत माणूस नाही. आणि शेफील्डमध्ये त्या काळात माणसाचं काय चाललं होतं, हे आपल्याला दुसऱ्या कागदांतून कळतं. पात्याला धार लावणारे कामगार फिरत्या दगडासमोर बसत. कोरड्या दगडावर काम असेल तर दगडाची आणि पोलादाची धूळ छातीत जाई. अर्नोल्ड नाइट या शेफील्डच्या डॉक्टरने १८३० साली या दम्याबद्दल लिहिलं. त्यांचा आधार घेऊन फ्रेडरिक एंगेल्सने १८४५ साली नोंदवलं की कोरडी धार लावणारे सरासरी जेमतेम पस्तीस वर्षं जगतात, ओल्या दगडावर काम करणारे क्वचितच पंचेचाळिशी ओलांडतात. ज्या पात्याचं चित्र इतकं चकचकीत दिसतं, ती चकाकी कुणाच्या छातीच्या खर्चाने आलेली होती.

१८५१ साली लंडनला जे मोठं प्रदर्शन भरलं, त्यात शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीने ७५ पात्यांचा आणि हत्यारांचा एक अजस्र चाकू मांडला. त्याला 'नॉर्फोक नाइफ' म्हणतात, तो आजही शेफील्डमध्ये आहे. खिशात मावणार नाही असा खिशातला चाकू! कुणी वापरावा म्हणून तो बनलाच नव्हता, लोकांनी बघावा म्हणून बनला होता.

याच रॉजर्सचा शिक्का, एक तारा आणि एक माल्टीज क्रॉस, आपल्याकडच्या जुन्या घरांतही अधूनमधून सापडतो. पण तो सापडला म्हणून लगेच उड्या मारू नका. नामांकित शिक्क्यांची नक्कल सर्रास होत असे. जर्मन माल शेफील्डच्या नावावर खपवला जातो, या तक्रारींतून ब्रिटनने १८८७ साली व्यापारी शिक्क्यांचा कायदा केला. पुढे १८९० च्या अमेरिकन जकात कायद्याने परदेशी मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं. म्हणून पात्यावर नुसतं गावाचं नाव आहे की देशाचंही, यावरून चाकूच्या वयाचा अंदाज लागतो. एवढी माहिती त्या शिक्क्यात असते. रत्नागिरीच्या फोटोत आम्ही नेमकी हीच घालवली.

उलटा फोटो

आता कॅमेऱ्याकडे येऊ. १८३९ साली छायाचित्रण लोकांसमोर आलं. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांतच चाकू हातात धरून फोटो काढून घेण्याची हौस अमेरिकेत दिसते. १८६१ ते १८६५ या तिथल्या यादवी युद्धातल्या, विशेषतः दक्षिणेच्या बाजूच्या सैनिकांचे असे पुष्कळ फोटो आहेत. छातीवर आडवा मोठा सुरा, चेहरा करारी, वय अठरा-वीस.

या फोटोंबाबत दोन सावधगिऱ्या शिकण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, पत्र्यावर थेट उमटवलेले ते फोटो आरशासारखे उलटे असतात. फोटोत सुरा उजव्या कमरेला दिसला तर तो खरा डाव्या कमरेला होता. पट्ट्याच्या बक्कलवरची अक्षरं उलटी दिसली की हे लक्षात येतं. दुसरी म्हणजे, तो सुरा त्या पोराचा असेलच असं नाही. काही छायाचित्रकार स्टुडिओत हत्यारं ठेवत आणि गिऱ्हाइकाच्या हातात देत. आपल्याकडच्या स्टुडिओत कसं पडद्यावर ताजमहाल आणि शेजारी प्लास्टिकची फुलं असायची, तसंच.

त्याच देशातला बोवी सुरा बघा. जिम बोवी १८२७ च्या एका मारामारीने गाजला आणि १८३६ साली अलामोच्या लढाईत मारला गेला. त्याच्या नावाचे सुरे शेफील्डने हजारोंनी बनवून अमेरिकेत विकले. पण बोवीच्या हातातला मूळ सुरा नेमका कसा होता, याचं खात्रीचं चित्र नाही. प्रत्येकाने तो आपल्या मनाने काढला.

कामगार दिसतो तेव्हा

मग हात दाखवणारी चित्रं कुठेच नाहीत का? आहेत. फ्रान्सच्या मध्यभागी ओव्हेर्न्य प्रांतात थियेर नावाचं गाव आहे. दुरोल नदीच्या अरुंद दरीत पाणचक्क्यांवर शेकडो वर्षं चाकूंचा धंदा चालला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये गावोगावच्या दृश्यांची पोस्टकार्डं निघायची, त्यांत थियेरच्या कारखान्यांचीही निघाली.

ती बघून पहिल्यांदा आपण गोंधळतो. धार लावणारे कामगार चक्क पोटावर पालथे झोपलेत. खाली फळी, तोंडापुढे पाण्याने फिरणारा दगड, दोन्ही हातांत पातं. अंगाचा भार पुढे टाकून ते पातं दगडावर दाबायचं. दगडाचा पिवळा राळा उडून अंगावर येई, त्यावरून या लोकांना 'पिवळ्या पोटाचे' असं नावच पडलं. आणि काही फोटोंत त्यांच्या पायांवर कुत्री बसलेली दिसतात. लाडाची म्हणून नव्हेत हां. दरीतल्या त्या ओल्या गारठ्यात दिवसभर न हलता पडून राहायचं, तर पायांना ऊब कुठून मिळणार? कुत्र्यापासून.

हे पोस्टकार्ड काढणाऱ्याला इतिहास लिहायचा नव्हता. पर्यटकाला गंमत वाटावी, एवढाच हेतू. तरी शेफील्डच्या देखण्या पुस्तकातून जे कळत नाही, ते या स्वस्त पोस्टकार्डांतून कळतं. आम्हाला या सगळ्या शोधात सर्वांत जास्त कामाची चित्रं हीच वाटली.

एक फोटो आणि पोरांचे खिसे

फोटो काढून दाखवणं ही निरुपद्रवी गोष्ट आहे, असं आपण धरून चालतो. जपानमध्ये काय झालं ते सांगतो.

१८७६ साली जपानी सरकारने सामुरायांना जाहीरपणे तलवार बाळगायला बंदी केली. तलवारींची मागणी आटली. ह्योगो प्रांतातलं मिकी हे गाव हत्यारं-अवजारांसाठी आधीपासून प्रसिद्ध होतं. तिथे १८९० च्या दशकात एक साधा मिटणारा चाकू बनायला लागला: 'हिगोनोकामी'. पत्रा दुमडून केलेली मूठ, एक खिळा, आणि पात्याच्या मागे अंगठ्याने दाबायची छोटी दांडी. स्प्रिंग नाही, कुलूप नाही. स्वस्त. शाळेत जाणाऱ्या पोरांच्या खिशात तो असायचा, पेन्सिलीला टोक करायला आणि लाकडाची खेळणी कोरायला.

१२ ऑक्टोबर १९६० रोजी टोकियोच्या हिबिया सभागृहात समाजवादी पक्षाचे अध्यक्ष इनेजिरो असानुमा भाषण करत होते. सतरा वर्षांचा एक मुलगा छोटी तलवार घेऊन व्यासपीठावर धावला आणि त्याने त्यांचा खून केला. 'माइनिची' वृत्तपत्राचे छायाचित्रकार यासुशी नागाओ यांनी तो क्षण टिपला. त्या फोटोला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. जगभर तो छापला गेला.

त्यानंतर जपानमध्ये मुलांच्या हाती धारदार वस्तू देऊ नका, अशी मोहीमच उभी राहिली. खून झाला होता न मिटणाऱ्या पात्याने. पोरांच्या खिशातून गेला मात्र मिटणारा चाकू. पेन्सिलला टोक करायची यंत्रंही त्याच सुमारास घरोघर येत होती, हेही कारण खरंच. पण लोकांच्या मनात जी भीती बसली तिला त्या फोटोने चेहरा दिला. मिकीत एकेकाळी हा चाकू बनवणारे अनेक होते. आता ते नाव वापरायचा हक्क असलेला एकच कारखाना उरलाय.

म्हणून आम्हाला जेव्हा विचारतात, "अहो, चाकूंचे फोटो कसले जमवता, हत्याराचं कौतुक कशाला?", तेव्हा आम्ही हा प्रश्न उडवून लावत नाही. एक फोटो एक अख्खा धंदा मोडायला हातभार लावू शकतो, आणि एक फोटो पोराटोरांना भलत्या ऐटीचाही मोह पाडू शकतो. चाकू कुणावर रोखलेला, तोंडासमोर नाचवलेला फोटो आम्ही आमच्या संग्रहात घेत नाही. टेबलावर, कामावर, किंवा त्याच्या मालकाच्या हातात निवांत असलेला, असाच घेतो.

रामपूर

असाच प्रकार आपल्या देशात रामपूरचा झाला. उत्तर प्रदेशातलं हे नवाबी संस्थान. तिथले कारागीर मिटणारा लांब पात्याचा चाकू बनवत, पितळी मुठीचा, उघडताना खटक्याचा आवाज करणारा. 'रामपुरी' हे नाव देशभर गेलं ते हिंदी सिनेमाने. 'वक्त' (१९६५) मधला राजकुमार यांचा चाकूचा प्रसंग आठवला की आपल्या डोळ्यांसमोर लगेच तो येतो. पण सिनेमाने चाकू दाखवला तो गुंडाच्या हातात. तो घडवणारा, घासणारा, मुठीवर नक्षी काढणारा कारागीर पडद्यावर आला नाही.

मग कायदा आला. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाची सोडून. पुढे १९९० च्या दशकात उत्तर प्रदेशात साडेचार इंचांहून लांब पात्याच्या चाकूंवर बंदी आली. लांब पातं हीच ज्याची ओळख, त्याचं पातं आखूड झालं आणि धंदा बसला. मार्च २०२३ मध्ये रामपूरच्या एका चौकात सुमारे वीस फूट लांबीचा चाकू उभारण्यात आला. लोक तिथे फोटो काढतात. नॉर्फोक नाइफची आठवण झाली ना? धंदा मोडला आणि वस्तू मोठी झाली.

कायदा चुकीचा होता, असं आमचं म्हणणं नाही. आमचं म्हणणं एवढंच की बंदीच्या आधी त्या गल्ल्यांत बसून प्रत्येक कारागिराचं काम, त्याची भट्टी, त्याचा शिक्का कुणी टिपून ठेवला असता, तर आज आपल्याकडे सिनेमातल्या चाकूपेक्षा बरंच जास्त काही असतं.

आपल्या घरातलं

आता महाराष्ट्रात येऊ. पुण्याला दिनकर केळकर यांनी जे संग्रहालय उभं केलं, तिथले अडकित्ते तुम्ही पाहिले असतील. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे केळकर गावोगाव हिंडले आणि लोक ज्याला जुनं सामान म्हणत ते मागून, विकत घेऊन जमवत राहिले. १९७५ साली त्यांनी तो संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. अडकित्ता म्हणजे काय? एक पातं, एक खिळा, दोन दांड्या. मिटणाऱ्या चाकूचा चुलतभाऊच. तो घराघरांत होता, म्हणूनच कुणी त्याची नोंद ठेवत नव्हतं. त्यांनी ठेवली.

नोंदीचं महत्त्व किती, याचं दुसरं उदाहरण ताजं आहे. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्यात आली, तेव्हा रांगा लागल्या. ती छत्रपती शिवाजी महाराजांचीच का, यावर वाद झाला. त्या वाघनखांबरोबरच्या पेटीवरच्या मजकुरात साताऱ्याला असलेल्या ग्रँट डफ यांना ती मिळाल्याचा उल्लेख आहे. अफझलखानावर चालवलेली ती हीच, हे सिद्ध करता येत नाही, असं खुद्द त्या संग्रहालयाचंच म्हणणं आहे. लोखंड समोर आहे, ते कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेलं याची साखळी मध्ये तुटलेली आहे. वस्तू एवढी मोठी असूनही ही अवस्था. मग आपल्या आजोबांच्या कलमाच्या चाकूचं काय?

आणि चाकूबरोबर माणसंही निघून चालली आहेत. शिकलगार म्हणजे मुळात शस्त्रांना पाणी आणि धार देणारे. तलवारी गेल्या तसे ते सुऱ्या-कात्र्यांकडे वळले. सायकलला दगड लावून "चाकू-कात्रीला धार" अशी हाळी देत येणारा माणूस तुमच्या गल्लीत शेवटचा कधी आला होता, आठवून बघा. त्याला विचारलं तर तो पातं हातात घेऊन सांगतो, हे पोलाद मऊ आहे, हे कडक आहे, याला दगड कमी लावा. ठिणगी बघून सांगतो. हे ज्ञान कुठल्याही फोटोत येत नाही. पण फोटो काढताना तो जे बोलला ते शेजारी लिहून ठेवता येतं.

मग फोटो कसा काढायचा

वेळ संपत आली, म्हणून कामाचं सांगतो. हे आम्ही चुका करत करत शिकलो.

चाकूचे निदान पाच फोटो काढा. उघडा असताना एक बाजू, मग दुसरी बाजू. मग मिटलेला. मग पाठीकडून, म्हणजे स्प्रिंग आणि खिळे दिसतील. आणि पाचवा, शिक्क्याचा अगदी जवळून. सुरी असेल तर मूठ आणि पातं जिथे मिळतात ती जागा आणि म्यान, हे वेगळे घ्या. शेजारी फूटपट्टी ठेवा, नाहीतर कलमाचा चाकू आणि कोयता फोटोत सारखेच दिसतील. फ्लॅश मारू नका, पातं नुसतं पांढरं येतं आणि शिक्का पुसला जातो. खिडकीचा तिरपा उजेड सगळ्यांत चांगला. झिजलेली अक्षरंही त्यात सावलीने उठून दिसतात.

घासूनपुसून चकचकीत करू नका. पात्यावरचा काळा डाग, मुठीला मारलेली तार, बदललेला खिळा, ही त्या चाकूची हकीकत आहे. झीज कुठल्या बाजूला जास्त आहे ते बघा. एकाच बाजूने धार लावलेली असेल तर चाकू कोणत्या कामाचा आणि कोणत्या हाताचा, याचा अंदाज येतो. फोटो उलटा छापला गेला तर हा अंदाजही उलटा निघतो, हे त्या अमेरिकन सैनिकांवरून आपण शिकलो.

मग लिहा. चाकू कुणाचा, कुठल्या गावचा, काय कापायचा, घरात त्याला काय म्हणायचे. हे चार ओळींत होतं. फोटो कुणाला पाठवताना घरच्यांची परवानगी घ्या आणि घराचा पत्ता त्यात येऊ देऊ नका. जुन्या वस्तूंवर डोळा ठेवणारे लोक असतात. आणि जमलं तर ज्याच्या हाताला त्या चाकूची सवय आहे, त्याच्या हाताचा एक फोटो घ्या. चेहरा नसला तरी चालेल.

रत्नागिरीच्या त्या घरी आम्ही पुन्हा गेलो होतो, असं मघाशी म्हटलं. चाकू नव्हता, पण आजी होत्या. त्यांना आम्ही हाच फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला आणि सांगितलं की मुठीचा अर्धा भाग एकदा निघाला होता तेव्हा आजोबांनी तो स्वतः बसवला होता, म्हणून एका बाजूचा खिळा तांब्याचा आहे. आम्ही फोटो मोठा करून बघितला. खरंच, तीनपैकी एक खिळा लालसर आहे. आमच्या ते लक्षातच आलं नव्हतं. आता त्या फोटोखाली ती ओळ लिहिलेली आहे.

आज घरी गेलात की स्वयंपाकघराच्या फडताळात, शिवणाच्या डब्यात, माळ्यावरच्या पेटीत हात घालून बघा. जपून घाला, धार असेल. आणि काही सापडलं तर दोन्ही बाजूंनी फोटो काढा.